हरवलेल्या पोथीची अक्षरे

लाओसच्या उत्तरेकडील डोंगरांत वस्ती करून राहिलेल्या ह्मोंग लोकांत एक दंतकथा पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते. फार पूर्वी, चीनमध्ये असताना, आपल्या पूर्वजांपाशी स्वतःची एक पोथी होती. शत्रू पाठीस लागला, लोक पळत सुटले आणि नदी ओलांडताना ती पोथी पाण्यात वाहून गेली. काही जण म्हणतात, ती बुडाली नाही. थकूनभागून सारे झोपी गेले असता घोड्यांनी ती खाऊन टाकली. कसेही असो, तेव्हापासून ह्मोंगांना अक्षर उरले नाही. ज्या समाजाला लिहिता येत नाही तो समाज ‘आम्हांला कधी येतच नव्हते’ असे न म्हणता ‘आमचे होते ते हरवले’ असे म्हणतो, यातील दुःख आणि यातील स्वाभिमान दोन्ही ध्यानात घेण्याजोगे आहेत.

१९७५ साली नोम पेन्ह, सायगाव आणि वर्षअखेरीस व्हिएनतिआन अशी तीन राजधान्यांची शहरे साम्यवादी पक्षांच्या हाती गेली आणि कंबोडिया, व्हिएतनाम व लाओस या देशांतून लाखो माणसे परागंदा झाली. होड्यांतून समुद्रात लोटलेल्या व्हिएतनामी कुटुंबांची करुण कहाणी तेव्हा जगभरच्या वृत्तपत्रांनी छापली. ह्मोंगांचा वृत्तान्त मात्र मराठी वाचकांच्या फारसा कानी आलेला नाही. आग्नेय आशियातील निर्वासितांचे शिक्षक आणि त्यांचे कैवारी यांचा इतिहास पाहावयाचा तर तो ह्मोंगांपासून पाहावा असे आम्हांला वाटते. कारण येथे शिक्षक आधी आला आणि निर्वासितपण मागाहून आले.

तो शिक्षक म्हणजे फादर ईव्ह बेर्त्रे. निष्कलंक मरियेच्या ओब्लेट संघाचे हे फ्रेंच धर्मगुरू दुसऱ्या महायुद्धानंतर लाओसला आले आणि १९५० साली लुआंग प्राबांग प्रांतातील किउ काटियाम या ह्मोंग खेड्यात जाऊन राहिले. डोंगरउतारावरचे जंगल जाळून त्यात भात आणि मका पिकवणारी, जोडीला अफूची शेती करणारी ही वस्ती. फादरांनी तेथे पहिले काम केले ते ऐकण्याचे. ह्मोंग भाषेत एकाच उच्चाराचा सूर बदलला की अर्थ बदलतो आणि असे सूर आठ आहेत. ‘पॉ’ एवढाच उच्चार घ्या. एका सुरात तो चेंडू, दुसऱ्या सुरात काटा, तिसऱ्यात आजी, तर चौथ्यात ‘दिसणे’. अशा भाषेत उपदेश करावयास उभे राहणाऱ्या परदेशी माणसाच्या तोंडून काय काय निघत असेल, याची कल्पना वाचकांनीच करावी!

याच सुमारास विल्यम स्मॉली आणि लिनवुड बार्नी हे दोन अमेरिकन प्रॉटेस्टंट मिशनरीही ह्मोंग भाषेच्या अभ्यासास लागले होते. दोन पंथांनी दोन लिप्या काढल्या असत्या आणि एकाच कुळातील दोन घरांना एकमेकांचे पत्र वाचता आले नसते, हे घडणे मुळीच अशक्य नव्हते. मिशनच्या इतिहासात असे प्रकार झालेले आहेत. परंतु या तिघांनी आणि त्यांच्या ह्मोंग सहकाऱ्यांनी १९५१ ते १९५३ या काळात एकत्र बसून एकच लिपी सिद्ध केली. दुसरी व्हॅटिकन परिषद भरण्यास तेव्हा नऊ वर्षांचा अवकाश होता, ही गोष्ट आम्हांला फार मोलाची वाटते.

लिपीची युक्ती साधी आहे. साध्या टंकलेखन यंत्रावर लिहिता यावे म्हणून अक्षरांवर वा खाली कोणतीही चिन्हे न देता शब्दाच्या शेवटी एक रोमन व्यंजन लिहावयाचे, तेही उच्चारासाठी नव्हे, तर सूर दाखविण्यासाठी. ‘ह्मोंग’ हा शब्द एच, एम, ओ, ओ, बी असा लिहितात. त्यातले दोन ओ अनुनासिकाची खूण आणि शेवटचा बी उंच सुराची. वाचताना तो बी मुका राहतो.

आमच्या वाचकांस येथे साहजिकच फादर थॉमस स्टीफन्स आठवतील. मात्र त्यांनी ‘ख्रिस्तपुराण’ रचिले, जे १६१६ साली राशोलला छापले गेले, तेव्हा मराठीपाशी ओवीची शतकांची परंपरा होती. स्टीफन्स समृद्ध घरात पाहुणे म्हणून आले आणि घरच्यासारखे बोलू लागले. बेर्त्रे यांच्यापुढे लिहिलेली एक ओळही नव्हती. गाणी, कहाण्या, लग्नाचे आणि अंत्यविधीचे मंत्र सारे वृद्धांच्या मुखात होते. ते त्यांनी टिपण्यास आरंभ केला आणि १९६४ साली ह्मोंग-फ्रेंच शब्दकोश प्रसिद्ध केला.

सर्व श्रेय परदेशी मिशनऱ्यांना देणे अन्यायाचे होईल. शाँग लू यांग नावाच्या एका निरक्षर ह्मोंग शेतकऱ्याने १९५९ साली आपल्याला दैवी साक्षात्कार झाल्याचे सांगून सर्वस्वी स्वतंत्र लिपी घडविली आणि ती गावोगावच्या लोकांना शिकविली. लेखणी न धरलेल्या माणसाने लिपी निर्माण करावी ही मानवी इतिहासातील विरळा घटना. युद्धाच्या धामधुमीत दोन्ही बाजूंना त्याचा संशय येऊ लागला आणि १९७१ साली त्याचा खून झाला.

किउ काटियाम गावानेही एक शिक्षक दिला. पॉल थाओ श्याँग हा १९४१ साली जन्मलेला ह्मोंग तरुण धर्मशिक्षक झाला. १९६० साली इटालियन ओब्लेट धर्मगुरू मारियो बोर्त्झागा यांच्यासोबत डोंगरातील एका फेरीवर असताना साम्यवादी बंडखोरांनी दोघांना ठार केले. त्यांचे देह कधी सापडले नाहीत. ११ डिसेंबर २०१६ रोजी व्हिएनतिआन येथे लाओसच्या सतरा हुतात्म्यांना धन्यवादित घोषित करण्यात आले, त्यांत या दोघांची नावे आहेत.

युद्धाचा तपशील थोडक्यात सांगतो. १९६१ पासून अमेरिकेच्या गुप्तहेर खात्याने ह्मोंग सेनानी वांग पाओ यांच्या हाताखाली डोंगरी फौज उभारली. १९६४ ते १९७३ या काळात अमेरिकन विमानांनी लाओसवर वीस लाख टनांहून अधिक बॉम्ब टाकले. १४ मे १९७५ रोजी वांग पाओ यांना विमानाने थायलंडला हलविण्यात आले; ज्यांना विमानात जागा मिळाली नाही ते सहस्रावधी लोक पायी मेकाँग नदीकडे निघाले. बांबूचे तराफे करून, रात्री, लेकरांना पाठीशी बांधून त्यांनी ती रुंद नदी ओलांडली. कित्येक बुडाले, कित्येक गोळ्यांना बळी पडले. पोथी नदीत गेल्याची जुनी कथा ठाऊक असलेल्या लोकांवरच हा प्रसंग यावा!

थायलंडच्या लोई प्रांतात बान विनाय येथे १९७५ साली त्यांच्यासाठी छावणी उभी राहिली. पुढे तेथे चाळीस हजारांहून अधिक माणसे दाटीवाटीने राहत होती. ती १९९२ साली बंद झाली. या छावणीत आमच्या मते या इतिहासातील सर्वांत हृद्य गोष्ट घडली. लाओसमध्ये असताना ही मिशनऱ्यांची लिपी थोड्यांनाच येत होती. आता मात्र भाऊ फ्रान्सला, काका मिनेसोटाला आणि आई छावणीत अशी घरे फुटली. निरोप पाठवावा तरी कसा? मग ज्याला येत होते त्याने शेजाऱ्याला शिकविले, त्याने आपल्या मेहुण्याला, आणि ती अक्षरे एका झोपडीतून दुसऱ्या झोपडीत गेली. ज्यांना तरीही लिहिता आले नाही त्यांनी ध्वनिफितींवर निरोप बोलून धाडले. बायकांनी पारंपरिक भरतकामाच्या कापडावर विमाने, पळणारी माणसे आणि मेकाँग नदी टाक्याटाक्याने उभी केली. धर्मप्रसारासाठी तयार झालेली लिपी आईच्या पत्रासाठी रुजली, याचा कोणत्याही मिशनऱ्याला विषाद वाटू नये. बेर्त्रे यांनाही तो वाटला असेल असे आम्हांला वाटत नाही.

ख्रिस्तसभा या काळात झोपली नव्हती. १९७९ च्या नाताळात येशूसंघाचे वरिष्ठाधिकारी फादर पेद्रो आरुपे यांनी समुद्रात भरकटणाऱ्या निर्वासितांच्या वार्तांनी व्यथित होऊन जगभरच्या सुमारे वीस प्रांताधिकाऱ्यांना तारा केल्या आणि पुढच्या वर्षी, १४ नोव्हेंबर १९८० रोजी, येशूसंघीय निर्वासित सेवा स्थापन केली. सोबत करणे, सेवा करणे आणि त्यांची बाजू मांडणे, अशी या सेवेची तीन कामे ठरली. ६ ऑगस्ट १९८१ रोजी बँकॉकमध्ये निर्वासितांत काम करणाऱ्या बांधवांशी ते बोलले. हिरोशिमावर अणुबॉम्ब पडला तेव्हा हेच आरुपे त्या शहराच्या सीमेवर नवशिष्यांचे गुरू होते आणि त्या दिवसाला बरोबर छत्तीस वर्षे झाली होती. दुसऱ्याच दिवशी रोमच्या विमानतळावर उतरताच त्यांना पक्षाघाताचा झटका आला. बँकॉकचे भाषण हेच त्यांचे अखेरचे ठरले.

त्यांच्या हाकेला भारतातूनही उत्तर गेले. १९३७ पासून भारतात राहिलेले आणि कॅथलिक विद्यार्थी चळवळीतील जुन्या मंडळींना परिचित असलेले फादर पिएर सेराक मद्रासहून १९८० साली थायलंडला गेले आणि वयाच्या सहासष्टाव्या वर्षी कंबोडियाच्या सीमेवरील छावण्यांत कामास लागले. तेथे ते बारा वर्षांच्या वर राहिले व पुन्हा तमिळनाडूत परतले. २०१२ साली चेन्नईत त्यांचे देहावसान झाले.

छावणीतील शिक्षणाला एक दुसरी बाजूही होती आणि ती लपवू नये. लोकांचा ओघ थांबावा म्हणून थायलंडने १९८१ पासून छावण्यांतील सोयी हेतुपुरस्सर तुटपुंज्या ठेवल्या. अमेरिकेस जाण्यासाठी निवडलेल्यांना मात्र थायलंडमधील फनाट निखोम किंवा फिलिपिन्समधील बाताआन येथे काही महिने इंग्रजी आणि नव्या देशाच्या चालीरीती शिकवीत. बाताआनचे वर्ग आंतरराष्ट्रीय कॅथलिक स्थलांतर आयोग चालवीत असे. तेथे काम केलेले जेम्स टॉलेफसन यांनी १९८९ साली पुस्तक लिहून टीका केली, की या वर्गांत निर्वासितांना हलक्या मजुरीच्या कामांपुरतेच घडविले जाते. शिक्षकांची तळमळ खरी होती, तशी ही टीकाही खरी होती असे आमचे मत आहे. हुकूम समजण्यापुरती भाषा शिकविणे आणि तक्रार मांडण्याइतकी भाषा शिकविणे यांत फार अंतर आहे.

अमेरिकेत कॅथलिक बिशप परिषदेच्या निर्वासित विभागाने, लुथरन आणि इतर मंडळ्यांनी या कुटुंबांना घरे, कपडे, काम मिळवून दिले. परंतु भार एकाच गावावर पडू नये म्हणून सरकारने त्यांना देशभर विखुरले. ज्या समाजाची सारी व्यवस्था सुमारे अठरा कुळांच्या आधारावर उभी, त्यातील एक घर एखाद्या हिमाच्छादित गावात एकटे पडले. तेव्हा ह्मोंगांनी स्वतःच गाठोडी बांधली आणि कॅलिफोर्नियातील फ्रेझ्नो व मिनेसोटातील सेंट पॉल येथे ते पुन्हा एकत्र झाले.

शाळांत मुलांना वयानुसार वर्गात बसवीत. चौदा वर्षांच्या ज्या मुलाने आयुष्यात पेन्सिल धरली नव्हती तो एकदम मोठ्यांच्या वर्गात. सुदैवाने एक कायदेशीर आधार आधीच तयार होता. सान फ्रान्सिस्कोतील चिनी मुलांच्या खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९७४ साली ठरविले होते, की न समजणाऱ्या भाषेत सर्वांना एकच पुस्तक दिल्याने समान वागणूक दिली असे होत नाही. यामुळे शाळांना दुभाषी मदतनीस नेमावे लागले. थोडेफार इंग्रजी येणारे निर्वासितच त्या जागी आले. सकाळी वर्गात, दुपारी इस्पितळात आणि संध्याकाळी कुणाच्या घरभाड्याच्या तंट्यात हीच माणसे उभी राहत आणि त्यांतून समाजाचे पहिले पुढारी घडले. १९७९ साली वॉशिंग्टनमध्ये इंडोचिनी निर्वासितांची बाजू मांडणारे एक केंद्र निघाले, जे आज आग्नेय आशियाई साधन-कृती केंद्र म्हणून ओळखले जाते. १९९१ साली चौआ ली या ह्मोंग महिला सेंट पॉलच्या शाळा मंडळावर निवडून आल्या. अमेरिकेत सार्वजनिक पदावर निवडून आलेली ही पहिली ह्मोंग व्यक्ती. लाओसमध्ये जन्मलेल्या मी मौआ २००२ साली मिनेसोटाच्या सिनेटवर गेल्या आणि पुढे वॉशिंग्टनमधील एका वेगळ्या आशियाई-अमेरिकन हक्क संस्थेच्या प्रमुख झाल्या.

त्यांच्या लढ्यांपैकी एक आकड्यांचा होता. सरकारी तक्त्यांत जपानी, चिनी, भारतीय आणि ह्मोंग सारे ‘आशियाई’ या एकाच रकान्यात येत; तो रकाना सुस्थितीत दिसे आणि त्यातले ह्मोंग मूल मागे पडल्याचे कुणाला दिसतच नसे. मिनेसोटाने २०१६ साली शाळांच्या आकडेवारीत हे समाज वेगळे मोजण्याचा कायदा केला.

घरात मात्र नवा पेच पडला. मुले इंग्रजी झपाट्याने शिकली आणि आईबापांची दुभाषी झाली. डॉक्टरांचे निदान दहा वर्षांच्या मुलीने बापाला सांगावयाचे! त्याच मुलांना पुढे आजीशी बोलण्यास शब्द सापडेनात. फादर बेर्त्रे यांनी हा धोका फार आधी ओळखला असावा. १९७५ नंतर लाओसमध्ये राहणे अशक्य झाल्यावर ते ह्मोंगांच्या मागोमाग दक्षिण अमेरिकेतील फ्रेंच गयानात गेले. तेथे १९७७ साली काकाओ आणि १९७९ साली जावुए ही ह्मोंग गावे वसली होती आणि त्या प्रदेशातील भाजीपाल्याचा मोठा वाटा आजही हे लोक पिकवितात. जावुएला राहून फादरांनी वृद्धांच्या मुखातील विधी, गाणी आणि कहाण्या ह्मोंग भाषेतच खंडामागून खंड छापून काढल्या. ह्मोंग त्यांना आपल्या भाषेतील न्या पॉ या नावाने हाक मारीत. २००७ साली ते निवर्तले.

जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकन सरकारने निर्वासितांचा प्रवेश स्थगित केला. ७ एप्रिल २०२५ रोजी तेथील कॅथलिक बिशप परिषदेने निर्वासित-सेवेसाठी सरकारशी असलेले करार पुढे न चालविण्याचा निर्णय जाहीर केला. १९७५ पासून लाओस, कंबोडिया आणि व्हिएतनामच्या कुटुंबांना ज्या वाटेने आसरा मिळाला ती वाट अशी बंद झाली. सेंट पॉलच्या सार्वजनिक शाळांत मात्र ह्मोंग भाषेचे वर्ग चालतात. तेथील मुले शब्दाच्या शेवटी बी लिहितात आणि वाचताना तो उच्चारीत नाहीत. आवाज तेवढा चढवतात.