खेळ थांबला नाही, तेव्हा घरी कोण होते?

यवतमाळ जिल्ह्यातील शाळांतून शिकलेल्या आमच्या पिढीने गाडगेबाबांची एक गोष्ट इतक्या वेळा ऐकली आहे, की ती प्रथम कोणी सांगितली हे आता आठवत नाही. कोकणात खारेपाटण येथे बाबांचे कीर्तन चालू होते. एकुलता एक मुलगा गोविंद गेल्याची वार्ता तेथे पोहोचली. बाबा क्षणभर थांबले आणि त्यांनी कीर्तन पुढे नेले. ही गोष्ट १९२३ सालच्या मे महिन्यातील. ती सांगताना गुरुजींचा आवाज दाटून येई, आणि वैराग्य म्हणजे काय ते आम्हांस समजले असे आम्ही समजत असू. त्या रात्री गोविंदाच्या आईजवळ कोण होते, हा प्रश्न मात्र वर्गात कधी कोणी विचारला नाही. आम्हीही विचारला नाही.

पुढे साहित्य शिकताना आणि शिकवताना ध्यानात आले, की महाराष्ट्राच्या प्रयोगपरंपरेत अशी गोष्ट एकटी नाही. पात्रे आणि गावे बदलतात, सांगाडा तोच राहतो. घरावर आघात होतो, कलावंत तो गिळून प्रेक्षकांसमोर उभा राहतो आणि खेळ थांबत नाही. अशा तीन गोष्टी येथे एकत्र ठेवून, त्या रंगमंचाकडून न वाचता पाळण्याकडून वाचाव्यात, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

आरंभ वऱ्हाडापासूनच करू. १९०५ हे साल वऱ्हाडच्या नकाशात महत्त्वाचे आहे. त्या वर्षी जिल्ह्यांची फेररचना झाली आणि जुन्या वणी जिल्ह्यास यवतमाळ हे नाव मिळाले. त्याच वर्षी, १ फेब्रुवारीला, मुर्तिजापूर तालुक्यातील दापुरे गावातून डेबूजी झिंगराजी जाणोरकर हा एकोणतिशीला आलेला परीट गृहस्थ घर सोडून निघाला. मागे वृद्ध आई सखुबाई, पत्नी कुंताबाई आणि कच्चीबच्ची राहिली. डेबूजीचे गाडगेबाबा कसे झाले, त्यांनी घाट, धर्मशाळा व गोरक्षणे कशी उभारली, खराटा आणि गाडगे घेऊन ते गावोगाव कसे हिंडले, हे सर्वश्रुत आहे. प्रबोधनकार ठाकऱ्यांनी १९५२ साली लिहिलेले त्यांचे चरित्र आजही वाचले जाते, गो. नी. दांडेकरांची ‘देवकीनंदन गोपाला’ ही कादंबरीही त्यांच्यावरच आहे. बाबांचे कीर्तन हा एक विलक्षण प्रयोग होता. प्रश्न विचारून श्रोत्यांकडून उत्तरे काढून घेण्याची त्यांची रीत आज नाट्यशास्त्राच्या विद्यार्थ्यांनीही अभ्यासावी अशी आहे. पण संसार सोडला, हे वाक्य आपण फार सहज लिहितो. संसार सोडल्याने तो संपत नाही. चूल, आजारपण, म्हातारीचे औषधपाणी आणि लेकरांच्या तोंडात घालावयाचा घास हे सारे जागच्या जागीच राहते. फरक इतकाच पडतो, की दोघांनी वाहावयाचे ओझे एकटीच्या डोक्यावर येते. बाबांनी उभारलेल्या धर्मशाळांची यादी आपणांस मिळते; कुंताबाईंनी उपसलेल्या दिवसांची नोंद कोणत्याही वहीत नाही.

दुसरी गोष्ट मुंबईची. १२ मार्च १९११. किर्लोस्कर नाटक मंडळी कृ. प्र. खाडिलकरांच्या ‘संगीत मानापमान’चा पहिला प्रयोग करणार होती. नायिका भामिनीच्या भूमिकेत नारायण श्रीपाद राजहंस, म्हणजे बालगंधर्व. त्याच दिवशी त्यांची लहानगी मुलगी दगावली. प्रयोग पुढे ढकलावा असे सुचवले गेले असता त्यांनी नकार दिला, भामिनीचे पात्र रंगवले आणि ‘मानापमान’ने इतिहास घडवला. रसिकांशी इमान राखणारा नट म्हणून ही आठवण आजही सांगितली जाते, आणि तिच्यातले मोठेपण आम्ही नाकारत नाही. बापानेही दुःख गिळले होते. पण एक गोष्ट आम्हांस अस्वस्थ करते. त्या रात्री रंगमंचावर जी स्त्री होती, ती पुरुषाने साकारलेली होती. तिचा शालू, तिचे लाजणे, तिचे रुसणे पाहून पुढे कितीतरी घरांतील स्त्रियांनी आपले चालणे-बोलणे घडवले, असे म्हणतात. त्याच वेळी जी प्रत्यक्ष आई होती, त्या लक्ष्मीबाईंना प्रसंगाच्या वर्णनात एका ओळीचीही जागा मिळत नाही. स्त्रीत्वाच्या दर्शनावर प्रेक्षक लुब्ध होता. स्त्रीच्या दुःखाला मात्र तिकीट नव्हते.

येथे नाटक मंडळ्यांच्या जीवनक्रमाकडे थोडे पाहिले पाहिजे. मंडळी वर्षातील बहुतेक काळ दौऱ्यावर असे. पुणे-मुंबईबाहेर वऱ्हाड-नागपूरचा दौरा फायद्याचा मानला जाई, कारण कापूस विकला गेला की येथील लोकांच्या हाती पैसा खेळे. १९०३ साली मुर्तिजापूर ते यवतमाळ ही अरुंद मापाची रेल्वे, आपली शकुंतला, सुरू झाली आणि यवतमाळही आगगाडीच्या वाटेवर आले. दौरा ठरे तो नारळ फोडून, कपाशीचा भाव पाहून आणि थिएटर मिळेल तसा. कोणत्या नटाच्या घरी कितवा महिना चालू आहे, हे पाहून दौरा ठरल्याचे आमच्या वाचनात नाही. बाळंतपणासाठी बायको माहेरी जाई हे खरे. परंतु त्या रूढीने नवऱ्याच्या अनुपस्थितीला एक सभ्य नाव दिले, असेही म्हणता येईल.

फिरत्या कलावंतांची घरे स्थूलमानाने दोन प्रकारची दिसतात. एक, वाट पाहणारे घर. नाटकवाल्याचे, कीर्तनकाराचे, किंवा आमच्याच जिल्ह्यातील केळापूर-वणी भागात किंगरी घेऊन गोंड यजमानांकडे कुळकथा गावयास निघणाऱ्या परधान गायकाचे. तेथे कलावंत जातो आणि घर मागे उरते. दुसरे, सोबत चालणारे घर. तमाशाच्या फडाचे, डोंबाऱ्याचे, गोपाळाचे. तेथे घरच गाडीत बसते. पहिल्या घरातील दुःख वाट पाहण्याचे आहे, तर दुसऱ्यात वाट पाहण्याची चैनही नाही. आमची तिसरी गोष्ट या दुसऱ्या घरातील आहे.

विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर यांचा जन्म १९३५ साली पंढरपुरात झाला. घराणे नारायणगावचे आणि जन्मगाव पंढरपूर, यावरूनच फडकऱ्यांच्या घरांचा भूगोल कळून येतो. त्यांच्याविषयी सांगितली जाणारी कथा बहुतेकांना ठाऊक असेल. दिवस भरलेले असताना त्या बोर्डावर नाचत होत्या. वेणा सुरू झाल्या, त्या मागे गेल्या, प्रसूती झाली, दगडाने नाळ ठेचून तोडली आणि पोट आवळून त्या पुन्हा प्रेक्षकांसमोर आल्या. प्रेक्षकांच्या ध्यानात आले तेव्हा त्यांनी हात जोडले, असे सांगतात.

या कथेवर व्याख्याने झाली आणि लेख आले. कलेवरील निष्ठेचे हे परमोच्च उदाहरण, असा त्यांचा सूर असतो. आम्ही मात्र एक साधे गणित मांडू इच्छितो. मोठ्या फडाचा हंगाम दसऱ्याला सुरू होतो आणि बुद्धपौर्णिमेच्या सुमारास संपतो. म्हणजे सुमारे सात महिने खेळ आणि पाच महिने विसावा. गर्भारपण नऊ महिन्यांचे. पाच महिन्यांच्या विसाव्यात नऊ महिने बसवता येत नाहीत. फडातील कोणत्याही बाईच्या प्रत्येक गर्भारपणातील किमान चार महिने हंगामातच येणार, मग ती विठाबाई असो की मागे झील धरणारी एखादी अनामिक. त्यात बाळंतपणानंतरचे सव्वा महिन्याचे न्हाणे-शेकणे धरले, तर हिशेब आणखी बिघडतो. शिवाय फडाचा व्यवहार उचलीचा. पावसाळ्यात मालकाकडून उचल घ्यायची आणि हंगामभर नाचून ती फेडायची. ज्या बाईने उचल घेतली आहे आणि जिच्या नावावर तंबू भरतो, तिने आठव्या महिन्यात घरी बसावे कसे? आणि जी स्वतःच फडाची मालकीण आहे, तिच्यावर तर साऱ्या फडाचे पोट. तेव्हा कनातीमागे झालेला जन्म हा चमत्कार नव्हे. या व्यवसायाच्या पंचांगातच तो लिहून ठेवलेला होता. विठाबाईंचे धैर्य अपूर्व होते, यात शंका नाही. पण त्या धैर्याचा गौरव करताना, ते ज्या व्यवस्थेने अपरिहार्य केले तिला आपण नकळत निर्दोष ठरवतो. विठाबाईंना १९५७ आणि १९९० साली राष्ट्रपतींच्या हस्ते सन्मान मिळाले. तरी १५ जानेवारी २००२ रोजी मृत्यू येईपर्यंतची अखेरची वर्षे हलाखीत गेली. आज त्यांच्या नावाने राज्य शासन तमाशा कलावंतांना जीवनगौरव पुरस्कार देते.

कायद्याचेही पाहू. १९६१ च्या प्रसूतिलाभ कायद्याने कारखाने, खाणी आणि मळे यांतील स्त्रियांना बारा आठवड्यांची पगारी रजा दिली. १९७३ साली घोडेस्वारीचे, कसरतीचे व अन्य खेळ दाखवणाऱ्या आस्थापनांचा त्यात समावेश झाला. हा बदल प्रामुख्याने सर्कशीतील स्त्रियांसाठी होता. पण ‘अन्य खेळ’ या दोन शब्दांत तत्त्वतः तमाशाचा फडही बसू शकत होता. २०१७ साली ही रजा पहिल्या दोन अपत्यांसाठी सव्वीस आठवड्यांची झाली. प्रत्यक्षात फडाचा करार तोंडी, नोंदवही मालकाच्या डोक्यात आणि आस्थापना रोज रात्री वेगळ्या गावात. कायदा शोधत निघाला, तरी फड त्याला सापडणार कसा?

आणि पोराचे काय? फडातले रांगते मूल पेटीशेजारी झोपते, आईच्या घुंगरांच्या आवाजाने जागे होते आणि पाय फुटताच बोर्डावर येते. विठाबाईंच्या कन्या मंगला बनसोडे यांनी आईचा वारसा चालवला आणि स्वतः नामांकित फडमालकीण झाल्या. परंपरा जपली जाते ती अशीच, असे आपण म्हणतो. पण दर रात्री गाव बदलणाऱ्या मुलाची शाळा कोणती, हा प्रश्न परंपरेच्या कौतुकात बुडून जातो. भटकंती ही कलावंताच्या कहाणीत मुक्तीची खूण असते. दोन वर्षांच्या पोराला मात्र ती फक्त न संपणारी झोपमोड वाटत असेल.

घराच्या बाजूने बोलणारा आवाज मराठीत अजिबात नाही, असे मात्र नव्हे. १९३४ ते १९३६ या काळात चार भागांत प्रसिद्ध झालेली लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ याच दृष्टीने पुन्हा वाचून पाहावीत, अशी विद्यार्थ्यांना आमची विनंती आहे. नारायण वामन टिळक हे कवी, वक्ते आणि कीर्तनकार. मनात आले की घराबाहेर पडणारे. त्यांच्या धर्मांतरानंतर लहान दत्तूला घेऊन नातलगांच्या आश्रयाने काढलेली वर्षे लक्ष्मीबाईंनी ज्या तऱ्हेने लिहिली आहेत, तीत तक्रार जवळजवळ नाही आणि विस्मरणही नाही. विनोदाच्या आडून त्या नवऱ्याच्या प्रत्येक गैरहजेरीची तारीख मांडून ठेवतात. कुंताबाई लिहू शकत्या, तर गाडगेबाबांचे कोणते चरित्र आपल्या हाती आले असते, हा विचार ‘स्मृतिचित्रे’ वाचताना आमच्या मनातून जात नाही.

शेवटी पुन्हा यवतमाळात येऊ. जानेवारी २०१९ मध्ये येथे ९२ वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले. अध्यक्षस्थानी अरुणा ढेरे होत्या. उद्घाटक नयनतारा सहगल यांचे निमंत्रण रद्द झाल्याने उठलेले वादळ सर्वांच्या स्मरणात आहे. अखेर उद्घाटन केले ते कळंब तालुक्यातील राजूरच्या वैशाली येडे यांनी. २०११ साली त्यांच्या शेतकरी पतीने आत्महत्या केली. पदरी दोन लहान लेकरे. अंगणवाडीतील मदतनिसाचे काम आणि शिवणकाम करून त्यांनी घर चालवले. त्या दिवशीच्या बातम्यांत एक तपशील काहीसा मागे पडला, तोच आम्हांस मोलाचा वाटतो. त्या नाटकात काम करीत होत्या. श्याम पेठकर लिखित आणि हरीश इथापे दिग्दर्शित ‘तेरवं’ या नाटकात शेतकऱ्यांच्या घरांतील एकल स्त्रिया स्वतःच रंगमंचावर उभ्या राहिल्या आणि गावोगाव फिरल्या.

आमच्या तीन गोष्टींत जी मागे राहिली होती, ती येथे पुढे आली. आता दौऱ्यावर तीच, आणि घरी लेकरे. प्रश्न त्यामुळे सुटला असे आम्ही म्हणणार नाही; आई नाटकाला गेली त्या रात्री पोरांपाशी कोण होते, हे आता आपण आधीच विचारले पाहिजे. पण एक फरक निश्चित पडला. घरात काय घडले ते या प्रयोगात लपवावे लागत नाही, तेच सांगण्यासाठी पडदा उघडतो.

वर्गात खारेपाटणची गोष्ट आम्ही आजही सांगू. बाबांविषयीचा आदर तसूभरही कमी न करता सांगू. मात्र ती संपल्यावर फळ्यावर आणखी एक नाव लिहू: कुंताबाई. आणि त्या रात्री त्या काय करीत असतील, हे मुलांना त्यांच्या वहीत लिहायला सांगू.