सभिकापासून परदेशी कॅसिनोपर्यंत

सौंसर तालुक्यातील मोहगाव हवेली येथे अर्धनारीश्वराचे देवालय आहे. तेथे शिव व पार्वती एकाच देहात पुजली जातात. हेच दांपत्य वेरूळच्या लेण्यांत सारीपाट मांडून बसलेले दिसते. आणि कार्तिक शुद्ध प्रतिपदेस द्यूतप्रतिपदा असेही नाव आहे. तेव्हा द्यूत आपल्या परंपरेस अपरिचित होते असे कोणी म्हणणार नाही. परंतु त्या परंपरेने द्यूतास कोणती वेसण घातली होती, याचा विचार क्वचितच होतो. आज भ्रमणध्वनीच्या पडद्यावरून परदेशी कॅसिनो थेट माजघरात आला असता हा विचार करणे आम्हांस अगत्याचे वाटते.

द्यूताविषयी शास्त्रकारांची मते दोन प्रकारची आहेत. राजाने द्यूत राज्यातून समूळ नाहीसे करावे, असे मनू सांगतो. कौटिल्य व याज्ञवल्क्य मात्र ते राजाच्या नजरेखाली आणतात. कौटिल्याच्या व्यवस्थेत द्यूताध्यक्षाने नेमलेल्या जागेखेरीज अन्यत्र खेळणाऱ्यास बारा पण दंड होता. जिंकलेल्या द्रव्यातून शेकडा पाच अध्यक्षाने घ्यावेत, असेही तो सांगतो. याज्ञवल्क्याने द्यूतसभा चालविणाऱ्या सभिकाचा वाटा ठरवून दिला : मोठ्या पणावर शेकडा पाच, इतरांवर शेकडा दहा. शिवाय जिंकणाऱ्यास त्याचे द्रव्य वसूल करून देण्याची जबाबदारी सभिकावर टाकली. जेथे राजाचा भाग पोचला आहे आणि खेळ उघडपणे सभिकासमक्ष झाला आहे, तेथेच राजाने जिंकलेले द्रव्य देववावे; अन्यत्र नव्हे. या स्मृतीवर विज्ञानेश्वराने कल्याणीच्या चालुक्यांच्या राज्यात मिताक्षरा लिहिली.

या नियमांतून तीन प्रश्न सहज निघतात. परवानगी कोणाची? चालकाचा वाटा किती? आणि जिंकलेले द्रव्य हाती कोण देववितो?

इंग्रजी अमलात तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर पालटले. १८६७ चा सार्वजनिक जुगार कायदा मध्यप्रांतास, म्हणून सौंसरच्या मुलखासही, लागू झाला. जुगाराचा अड्डा चालविणाऱ्यास दोनशे रुपयांपर्यंत दंड अथवा तीन महिन्यांपर्यंत कैद त्यात सांगितली होती. पुढे १८७२ च्या करार कायद्याच्या तिसाव्या कलमाने पैजेचा करार निरर्थक ठरविला. पैजेत जिंकलेल्या रकमेसाठी दावा लावण्याचा मार्ग त्यामुळे बंद झाला. पूर्वीचा राजा आपला भाग घेऊन द्रव्य देववीत असे. नव्या न्यायालयाने त्या व्यवहारापासून हात आखडता घेतला.

गोव्याने निराळी वाट धरली. तेथील १९७६ च्या जुगारविषयक कायद्यात १९९२ साली दुरुस्ती होऊन पंचतारांकित हॉटेलांतील यंत्रांच्या खेळास, आणि पुढे जहाजांवरील कॅसिनोंस, वाट मोकळी झाली. मांडवीच्या पात्रातील कॅसिनो इष्ट की अनिष्ट, हा वाद गोमंतकात अद्याप चालू आहे. तथापि तो परवाना विशिष्ट जागेचा असतो. पडद्यावरील एखाद्या कॅसिनोने गोव्याचे नाव लावले म्हणून त्यास ती परवानगी लाभत नाही.

आता ते तीन प्रश्न या नव्या सभिकास विचारून पाहू. परवाना बहुधा कुरासाव नामक कॅरिबियन बेटाचा असतो. तेथे दीर्घकाळ एका मुख्य परवान्याच्या छत्राखाली अनेक उपचालक वावरत; २०२४ च्या अखेरीस तेथे नवा कायदा आला. परंतु तो परवाना अस्सल असला तरी मोहगावच्या खेळाडूची दाद सातासमुद्रापलीकडच्या बेटावर कशी लागावी?

चालकाचा वाटा बक्षिसाआड दडलेला असतो. एक हजार भरा, वर एक हजार बक्षीस घ्या, असे आमंत्रण येते. बारीक अक्षरांतील अट अशी, की बक्षिसाच्या चाळीसपट, म्हणजे चाळीस हजारांचे, डाव लावल्यावाचून रक्कम काढता येणार नाही. एका शून्याच्या चक्रात ३७ घरे असतात. जिंकल्यास पणाच्या ३५ पट मिळते. म्हणजे प्रत्येक पणाचा सदतिसावा भाग सरासरीने चालकाकडे जातो. चाळीस हजारांवर ही रक्कम सुमारे १,०८१ रुपये होते. हजाराचे बक्षीस त्याच्या अटीनेच गिळले!

तिसरा प्रश्न सर्वांत बोचरा आहे. पैसे भरताना कागदपत्र मागत नाहीत. काढताना ओळखीचे पुरावे, आठवड्याची मर्यादा आणि 'तपासणी चालू आहे' हे उत्तर. त्या अवधीत मागितलेली रक्कम पुन्हा डावावर लावण्याची मुभा मात्र असते! सभिकाचे कर्तव्य येथे नेमके उलटे झाले आहे.

पैसे लावून खेळावयाच्या आंतरजालीय खेळांवर बंदी घालणारा कायदा संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये संमत केला. २२ ऑगस्टला राष्ट्रपतींची संमती मिळाली. असे खेळ चालविणाऱ्यास तीन वर्षांपर्यंत कैद व एक कोटी रुपयांपर्यंत दंड त्यात सांगितला आहे. रोख चालकावर, जाहिरात करणाऱ्यावर व पैसा पोचविणाऱ्यावर आहे; निव्वळ खेळणाऱ्यास त्यात शिक्षा नाही. म्हणून ज्या घरात असा पैसा गेला असेल त्यांनी लज्जेने गप्प बसू नये. फसवणूक झाली असल्यास १९३० या क्रमांकावर तत्काळ तक्रार नोंदवावी व बँकेस कळवावे. विलंब झाला की रक्कम खात्यांमागून खाती पालटत दूर जाते.

देवाच्या दारी द्यूतप्रतिपदेचा डाव घरच्यांसमक्ष मांडला जातो आणि दिवस मावळताच आवरला जातो. ज्या सभेला ना राजा आहे ना साक्षी, तिथला जय हा जय नव्हे, हे याज्ञवल्क्याने सांगून ठेवलेच आहे. आपल्या तरुणांस हे वेळीच समजावून सांगणे हे आम्ही वडीलधाऱ्यांचे कर्तव्य मानतो.