माहिती-अर्थशास्त्र : वाचनक्रम

माहिती-अर्थशास्त्र : व्यवहारात कोणाला काय ठाऊक आहे, यावरून किंमत, करार आणि नफा कसे ठरतात याचा अभ्यास करणारी अर्थशास्त्राची शाखा. मोजके सिद्धांत वाचून लगेच प्रत्यक्ष बाजाराच्या अभ्यासांकडे वळणे नवख्या वाचकाला हितकारक ठरते. बंगळूरुहून राबवलेल्या दोन योजनांवर असे उत्तम लेखन झाले आहे.

मूळ निबंध : आरंभ जॉर्ज अकरलॉफ यांच्या ‘द मार्केट फॉर लेमन्स’ (1970) या निबंधाने करावा. जुन्या मोटारीचा दोष विकणाऱ्यालाच माहीत असतो. गिऱ्हाईक म्हणून सरासरीचाच भाव देते आणि चांगल्या गाड्या बाजारात येईनाशा होतात. भारतातील सावकारीचा विचारही या निबंधात आहे. कोण कर्ज फेडेल आणि कोण बुडवेल, हे गावच्या सावकाराला ठाऊक असते. स्वस्त व्याज देणाऱ्या परक्याच्या वाट्याला बुडवेच अधिक येतात. पुढे पदवीला नोकरीच्या बाजारात काय अर्थ असतो यावरील मायकेल स्पेन्स (1973) आणि विम्यावरील रॉथशील्ड व स्टिग्लिट्झ (1976) यांचे निबंध वाचावेत. अकरलॉफ, स्पेन्स व स्टिग्लिट्झ यांना 2001चे नोबेल मिळाले.

कर्नाटकातील अभ्यास : 2014मध्ये राज्यातील बाजार समित्या एका ऑनलाइन मंचावर जोडण्यास सुरुवात झाली. एकाच परवान्यावर व्यापारी कोणत्याही समितीतील मालावर बंद बोली लावू शकतो. लेवी, राजन, सिंघवी व झेंग यांच्या 2020च्या अभ्यासानुसार भाताचे भाव 5.1, भुईमुगाचे 3.6 व मक्याचे 3.5 टक्क्यांनी वाढले. कापूस, मूग व तुरीत लक्षणीय फरक पडला नाही. वाहतुकीच्या अडचणी आणि मोजक्या व्यापाऱ्यांच्या हातातील बाजार यांचा त्यात वाटा आढळला.

‘भूमी’ योजनेने जमिनीचे उतारे संगणकावर आणले. पूर्वी उताऱ्यासाठी गावच्या लेखापालाकडे खेटे घालावे लागत; योजना आल्यावर तो तालुक्याच्या केंद्रात सुरुवातीला 15 रुपये भरून मिळू लागला. सॉलोमन बेंजामिन व सहकाऱ्यांच्या 2007च्या अभ्यासाने मात्र दुसरी बाजू मांडली : बंगळूरुभोवतीची जमीन हेरणाऱ्या बड्या खरेदीदारांनाही या नोंदी सोयीच्या ठरल्या.

हे दोन्ही अभ्यास जोडीने वाचावेत. माहिती खुली करणे आवश्यकच आहे. पण तिचा लाभ वाहतूक, भांडवल आणि स्पर्धा यांवरही अवलंबून असतो, ही गोष्ट केवळ सिद्धांत वाचून पुरती उमगत नाही.