बिस्क बाहुल्यांची ओळख व सत्यता

झिलई न देता भाजलेल्या पोर्सलिनला बिस्क म्हणतात. अशी डोकी असलेल्या बाहुल्या एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून विसाव्या शतकाच्या पूर्वार्धापर्यंत मुख्यत्वे जर्मनी व फ्रान्स ह्या देशांत तयार झाल्या. संग्राहकांकडून त्यांना मोठी किंमत येत असल्याने प्रतिकृती व फेरफार केलेले नगही विक्रीस येतात.

ओळखीचा प्रारंभ केसांच्या टोपाखाली किंवा मानेच्या मागे असलेल्या खुणेपासून होतो. तथापि ही खूण डोक्यापुरतीच असते. थुरिंजियातील झोनेबेर्ख, व्हाल्टर्सहाउझेन इ. केंद्रांत श्रमविभागणी रूढ होती. डोके एका कारखान्यात, धड दुसरीकडे तयार होई व कपडे शिवण्यासारखी कामे घरोघर चालत. कॅमर आणि राइनहार्ट ह्या व्हाल्टर्सहाउझेन येथील संस्थेची (स्थापना १८८६) बहुतेक बिस्क डोकी झीमोन आणि हाल्बिख हा कारखाना बनवीत असे. म्हणून त्यांवर दोन्ही नावे आढळतात. १८९९ मध्ये एकत्र आलेल्या फ्रेंच उत्पादकांच्या संघानेही ह्याच जर्मन कारखान्याची काही डोकी वापरली. त्यामुळे ‘फ्रेंच बाहुली’ ही संज्ञा सावधपणे वापरावी लागते.

कालनिश्चितीस १८९० चा अमेरिकन जकात कायदा उपयोगी पडतो. त्यानुसार १८९१ पासून आयात मालावर मूळ देशाचे नाव आवश्यक झाले. ‘जर्मनी’ असे कोरलेले डोके म्हणून सामान्यतः त्यानंतरचे मानतात. पण सर्व माल अमेरिकेस जात नसल्याने नावाचा अभाव हा प्राचीनत्वाचा पुरावा ठरत नाही. साच्याच्या क्रमांकावरूनही वर्ष कळत नाही. आर्मांद मार्सेय ह्यांच्या कारखान्यातील ३९० क्रमांकाचा साचा सु. १९०० पासून अनेक वर्षे वापरात होता.

जुन्या डोक्यावरून नवा साचा घेतल्यास कोरलेली खूणही जशीच्या तशी उतरते. मात्र पोर्सलिन भाजताना आकसते. त्यामुळे अशी प्रतिकृती मूळ डोक्यापेक्षा लहान भरते व खुणेतील आकाराशी तिचे माप जुळत नाही. कॅमर आणि राइनहार्टच्या डोक्यांवर पुष्कळदा संपूर्ण बाहुलीची उंची सेंटिमीटरमध्ये दिलेली असते. ‘५०’ कोरलेले डोके ६० सेंमी. उंचीच्या बाहुलीवर आढळल्यास धड बदलले असावे, असा तर्क करता येतो. जुन्या बिस्कमध्ये बारीक काळे ठिपके पुष्कळदा दिसतात. डोक्याच्या आत दिवा धरल्यास तडे उघड होतात, तर जंबुपार प्रकाशात नंतर दिलेला रंग बहुधा वेगळा चमकतो.

ह्यांपैकी एकच कसोटी निर्णायक मानता येत नाही. डोके, डोळे, केस, धड, सांधे व वस्त्रे ह्यांची स्वतंत्र तपासणी करून दुरुस्ती व बदललेले भाग ह्यांची नोंद नगासोबत ठेवणे आवश्यक असते. घरोघर काम करणाऱ्या कारागिरांची नावे क्वचितच नोंदली गेली. त्यांच्या कौशल्याचा पुरावा ह्या वस्तूंतच उरला आहे. चुकीच्या जोडणीमुळे खरेदीदार फसतो, तसाच हा पुरावाही दूषित होतो.