रायफलीवरील दुर्बीण : जवळचा नेम आणि लांबचा नेम



द्रोणाचार्यांनीं शिष्यांची परीक्षा घेतली तेव्हां अर्जुनास झाड दिसेना, फांदी दिसेना, केवळ पक्ष्याचा डोळा दिसूं लागला, ही कथा आपणां सर्वांस ठाऊक आहे. रायफलीवर बसविलेली दुर्बीण नेमकें हेंच करते. ती लक्ष्य मोठें करून दाखविते आणि भोंवतालचें सारें जग झांकून टाकते. लांबच्या नेमाला हा गुण होय. पण शत्रु वीस पावलांवर येऊन ठेपला असतां हाच गुण प्राणघातक दोष ठरतो. एकाच दुर्बिणीनें जवळचें आणि मध्यम अंतराचें अशीं दोन्ही कामें कशीं करावीं, या प्रश्नानें जगांतील सैन्यांस शंभर वर्षांहून अधिक काळ सतावलें आहे. त्या प्रश्नाचा इतिहास आज आपणांपुढें थोडक्यांत मांडावयाचा आहे.

दुर्बीण १६०८ सालीं हॉलंडांत प्रसिद्धीस आली आणि पुढच्याच वर्षीं गॅलिलिओनें ती आकाशाकडे वळविली. परंतु गॅलिलिओच्या दुर्बिणींत नळीच्या आंत खरी प्रतिमा पडत नाहीं. म्हणून तेथें नेमासाठीं तार ताणून ठेवण्याची सोय नाहीं. केप्लरनें १६११ सालीं दोन बहिर्गोल भिंगांची रचना सुचविली. तींत प्रतिमा नळीच्या आंतच पडते, आणि त्याच जागीं एखादा धागा ताणला तर प्रतिमा व धागा दोन्ही एकदम स्पष्ट दिसतात. विल्यम गॅस्कॉइन या इंग्रज ज्योतिर्विदानें सुमारें १६४० सालीं ही युक्ति साधली. त्याच्या दुर्बिणींत कोळ्यानें धागा ताणला होता व त्यावरून त्यास ही कल्पना सुचली, असें सांगतात. आजच्या दुर्बिणींतील उभ्या-आडव्या रेघांचें मूळ हेंच. मात्र केप्लरच्या दुर्बिणींत चित्र उलटें दिसतें. तें सुलटें करावयास मध्यें आणखी भिंगें घालावीं लागतात. या मधल्या भिंगांची गोष्ट पुढें येणार आहे, म्हणून ती ध्यानांत ठेवावी.

बंदुकीवर दुर्बीण चढविण्याचें काम एकोणिसाव्या शतकांत नेटानें सुरू झालें. अमेरिकेंत सिरॅक्यूज येथील विल्यम माल्कम यानें १८५५ पासून रंगदोष काढलेल्या भिंगांच्या लांबलचक दुर्बिणी बनविल्या. दुसरें नांव आपल्या इलाख्याशीं संबंध असलेलें आहे. मुंबई लष्करांत नोकरी केलेले कर्नल डेव्हिड डेव्हिडसन यांनीं १८६२ सालीं आपल्या दुर्बिणीचें पेटंट घेतलें. ती व्हिटवर्थ रायफलीच्या डाव्या अंगास बसत असे, आणि अमेरिकेच्या यादवी युद्धांत दक्षिणेकडील निशाणबाजांनीं ती वापरली. या काळीं प्रश्न एकच होता : लांबचें कसें दिसेल? निशाणबाज आडोशास बसे, सावकाश नेम धरी, एक गोळी झाडी. जवळच्या लढाईशीं त्याचा संबंध नव्हता.

१९१४ च्या महायुद्धानें हें चित्र पालटलें. जर्मनींत अरण्यांतील शिकारीसाठीं, विशेषतः सांजवेळच्या मंद प्रकाशासाठीं, उत्तम दुर्बिणी तयार होत असत. शिकाऱ्यांच्या त्या रायफली गोळा करून जर्मनांनीं खंदकांत आणल्या, आणि आरंभीं इंग्रजांजवळ त्यांस तोड नव्हती. घाईघाईनें इंग्रजांनीं गॅलिलिओच्या धर्तीचीं दोन सुटीं भिंगें रायफलीच्या दोन टोकांस बसवून पाहिलीं. नळी नाहीं, वजन नाहीं, खर्चहि थोडा. परंतु त्यांतून दिसणारें क्षेत्र इतकें अरुंद कीं लक्ष्य शोधतां शोधतांच तें नाहींसें व्हावें. पुढें खऱ्या दुर्बिणी आल्या, तर त्या नळीच्या वर न बसवितां डावीकडे बसविल्या. कारण काडतुसांची पट्टी वरून भरावी लागे. खंदकाच्या पोलादी ढालींतील अरुंद छिद्रांतून रायफलीची नळी बाहेर जाई आणि बाजूच्या दुर्बिणीपुढें ढालीचें पोलाद येई! हेस्केथ-प्रिचर्ड या शिकारी लेखकानें १९१६ सालीं फ्रान्समध्यें निशाणबाजांची शाळा चालविली. युद्धानंतर १९२० सालीं प्रसिद्ध केलेल्या आपल्या पुस्तकांत त्यानें या रचनेवर कडक टीका केली आहे. दुर्बीण चांगली असून भागत नाहीं, ती जेथें वापरावयाची त्या जागेस शोभली पाहिजे, हा धडा अनेक प्राण देऊन शिकावा लागला.

आतां मूळ अडचण पाहूं. ती भूमितीची आहे, कारागिराची नव्हे. दुर्बीण जितके पट मोठें दाखविते, साधारणपणें तितक्या पटीनें दिसणारें क्षेत्र आकसतें. चौपट दाखविणाऱ्या दुर्बिणीचें क्षेत्र सात अंशांचें धरूं. शंभर मीटरांवर तिच्यांतून सुमारें बारा मीटर रुंदीचा देखावा दिसेल, आणि तो पुरेसा आहे. पण दहा मीटरांवर तोच देखावा अवघा सव्वा मीटर! त्यांत उभा माणूससुद्धां पुरता मावत नाहीं. शिवाय हाताचा कंपहि चौपट दिसतो. तिसरी गोष्ट प्रकाशाची. पुढील भिंगाच्या व्यासास विवर्धनानें भागलें म्हणजे डोळ्याशीं येणाऱ्या प्रकाशाच्या झोताची जाडी कळते. चोवीस मिलिमीटरांचें भिंग सहापट दाखवीत असेल तर झोत चार मिलिमीटरांचा. डोळा त्या बारीक झोतांत नेमका आला पाहिजे. घाईंत तो चुकला कीं पुढें काळोख.

१९३९ च्या महायुद्धांत या भूमितीशीं तडजोड करण्याचे निरनिराळे प्रयत्न झाले. जर्मनांनीं केवळ दीडपट दाखविणारी ‘त्सेट-एफ ४१’ ही लहानशी दुर्बीण काढली व ती डोळ्यापासून दूर, मागील नेमखांचेच्या जागीं बसविली. खास निशाणबाजाऐवजीं साध्या पलटणींतील चांगल्या नेमबाजास ती द्यावी, हा हेतु. कल्पना दूरदर्शी होती; पण डोळ्यापासून दूर असल्यानें क्षेत्र अरुंद, आणि विवर्धन थोडें म्हणून लांबचें काम अपुरें. एक लाखाहून अधिक नग निघाले, तरी खऱ्या निशाणबाजांस ती रुचली नाहीं. रशियानें साडेतीनपट दाखविणारी आटोपशीर ‘पी-यू’ दुर्बीण मूळ स्वयंभरण रायफलीसाठीं केली व १९४२ पासून जुन्या मोसिन रायफलीवर चढविली. इंग्रजांची तिप्पट दाखविणारी ‘नंबर ३२’ दुर्बीण तर मुळांत ब्रेन मशीनगनसाठीं योजिलेली; ती शेवटीं ली-एन्फील्ड रायफलीवर नांवाजली गेली. तिप्पट-चौपट हा मध्यम मार्ग सर्वांस असा अनुभवानें सांपडला.

युद्धानंतर अनुभवाच्या जागीं मोजमाप आलें. १९५२ सालीं अमेरिकेंत नॉर्मन हिचमन यानें रणांगणावरील नेमबाजीचा अहवाल लिहिला. पायदळाच्या सैनिकास शत्रु बहुधा तीनशें यार्डांच्या आंतच दिसतो व शंभर यार्डांपलीकडे त्याचा नेम झपाट्यानें ढळतो, असा त्याचा निष्कर्ष होता. प्रश्नच बदलला! किती लांबचें दिसतें यापेक्षां सैनिक प्रत्यक्ष किती अंतरावर झाडतो, हें महत्त्वाचें ठरलें.

या नव्या प्रश्नास तीन उत्तरें मिळालीं. पहिलें उत्तर अल्प विवर्धनाचें. ऑस्ट्रियानें १९७७ सालीं स्वीकारलेल्या रायफलीवर दीडपट दुर्बीण कायमची जोडलेली होती. तिच्यांत रेघांऐवजीं एक वर्तुळ असे. तीनशें मीटरांवरील उभा माणूस त्या वर्तुळांत बरोबर बसे, आणि जवळ तेंच वर्तुळ झटकन् अंगावर ठेवतां येई. दुसरें उत्तर चौपटीचें. १९८५ च्या सुमारास ब्रिटिश पायदळानें तें पत्करलें व जवळच्या लढाईंतील गैरसोय सोसली. तिसरें उत्तर विवर्धनच सोडून देण्याचें. डब्लिनच्या हॉवर्ड ग्रब यानें १९०० सालीं कांचेंत तेजस्वी खूण परावर्तित करून दाखविणारा नेम शोधला होता. १९७५ सालीं स्वीडनमध्यें त्याच तत्त्वावर बंदुकीसाठीं लाल ठिपक्याचा नेम निघाला. दोन्ही डोळे उघडे, क्षेत्रास बंधन नाहीं. जवळ याच्यासारखें साधन नाहीं. परंतु तीनशें मीटरांवरील झुडुपांत माणूस आहे कीं खुंट आहे, हें तो ठिपका सांगत नाहीं.

अलीकडे या तिन्हींचा मेळ घालणारी बदलत्या विवर्धनाची दुर्बीण पुढें आली आहे. मघां सांगितलेलीं मधलीं भिंगें येथें कामास येतात. बाहेरील कडें फिरविलें कीं तीं आंत मागेंपुढें सरकतात आणि चित्र एकपटीपासून सहा किंवा आठपटीपर्यंत बदलतें. अमेरिकेच्या सैन्यानें २०२२ सालीं नव्या रायफलीसाठीं निवडलेली दुर्बीण एक ते आठ पटींची आहे. पण फुकट कांहींच मिळत नाहीं. वजन वाढतें, किंमत वाढते, आणि रेघा कोठें कोराव्यात हा नवा वाद उभा राहतो. त्या पुढच्या प्रतिमेच्या जागीं कोरल्या तर चित्राबरोबर लहानमोठ्या होतात : मोजमाप प्रत्येक विवर्धनास खरें राहतें, पण एकपटीवर रेघा केसासारख्या बारीक होऊन हरवतात. मागच्या प्रतिमेच्या जागीं कोरल्या तर त्या सदैव ठसठशीत दिसतात, परंतु मोजमाप एकाच विवर्धनास खरें. म्हणून एकपटीवरील घाईच्या नेमासाठीं मध्यभागीं दिव्याचा ठिपका उजळावा लागतो.

या इतिहासाचें सार एवढेंच कीं सर्व अंतरांस सारखी उत्तम अशी दुर्बीण कोणासहि करतां आलेली नाहीं, कारण भूमिति कोणाची भीड धरीत नाहीं. ज्यांनीं आपला माणूस कोठें उभा राहणार, किती अंतरावर झाडणार, त्यास वेळ किती मिळणार, हें आधीं विचारलें, त्यांची निवड बहुधा चांगली ठरली. ज्यांनीं केवळ भिंगाचा पराक्रम पाहिला, त्यांच्या चुकीचें मोल दुसऱ्यानेंच दिलें. तें त्या दुर्बिणीमागें डोळा लावून बसलेल्या शिपायानें आपल्या प्राणांनीं दिलें. अर्जुनास एकच डोळा दिसला तें योग्य झालें. पण तेथें पक्षी लांकडाचा होता आणि शत्रु पाठीशीं उभा नव्हता.