दोस्त हरला, तर त्याच्या मुलखाचं काय करायचं?

परभणीचा माणूस गोव्यात दोना पावलाला जातो, ‘एक दुजे के लिए’वाला पॉइंट बघतो, फोटो काढतो, परत फिरतो. मीही दोनदा तेच केलं. तिसऱ्यांदा राजभवनाच्या रस्त्याला एक जुनं कबरस्तान दिसलं. कबरी इंग्रजांच्या! पोर्तुगीजांच्या गोव्यात इंग्रज पुरले गेले कसे?

नेपोलियन 1798 मध्ये इजिप्तमध्ये उतरला आणि कलकत्त्यात गव्हर्नर जनरल वेलस्लीला सगळीकडे फ्रेंच दिसू लागले. त्याच वर्षी त्याने हैदराबादेत निजामाच्या पदरची, फ्रेंच अधिकाऱ्यांच्या हाताखालची पलटण मोडली आणि कंपनीची तैनाती फौज बसवली. आपला जिल्हा 1948 पर्यंत याच निजामाच्या राज्यात होता, त्यामुळे ‘संरक्षणाला आलेली फौज’ म्हणजे काय हे आपल्याला वेगळं सांगायला नको. 1799 मध्ये तोच खेळ गोव्यात. सर विल्यम क्लार्कची फौज काबो, आग्वाद आणि मुरगावला उतरली. पोर्तुगाल तर इंग्लंडचा 1386 च्या तहापासूनचा दोस्त.

खरी गंमत पुढे आहे. 1801 मध्ये स्पेन आणि फ्रान्सने पोर्तुगालला गुडघ्यावर आणलं. वेलस्लीचा हिशोब सरळ होता: दोस्त बुडाला तर त्याच्या वसाहती फ्रेंचांकडे जाण्याआधी आपणच ताब्यात घ्यायच्या. गोव्याचा गव्हर्नर वेगा काब्राल याने फौज राहू दिली, पण लिस्बनच्या हुकुमाशिवाय कारभार सोडायला तो तयार झाला नाही. पाठोपाठ 1802 चा तह आला आणि बेत तसाच राहिला.

30 नोव्हेंबर 1807 ला फ्रेंच सेनापती जुनो लिस्बनमध्ये शिरला. राजपुत्र जुआंव आदल्याच दिवशी अख्खा दरबार घेऊन ब्राझीलकडे निघाला होता. महिन्याभरात इंग्रजांनी मदैरा बेट घेतलं, तेही थेट आपल्या राजाच्या नावाने. 1808 मध्ये मकावला सैनिक उतरवले. तिथे चीनने व्यापारच बंद केला, तेव्हा गुपचूप निघाले. गोव्यात उतरायचा प्रश्नच नव्हता, तिथे ते आधीच बसलेले होते.

मग गोवा गिळला का नाही? डच लोकांचं बघा. 1795 मध्ये त्यांचा पळून आलेला शासक इंग्लंडमध्ये बसला आणि ‘इंग्रजांना आत घ्या’ अशी पत्रं त्याने आपल्या वसाहतींना धाडली. मागे हॉलंडमध्ये फ्रेंचांच्या बाजूचं सरकार आलं. सिलोन गेलं ते गेलंच, आणि केप मध्ये काही वर्षं परत मिळूनही शेवटी गेलंच.

माझ्या मते जुआंवची ती पळापळ पोर्तुगालच्या कामी आली. लोक त्याला पळपुटा म्हणोत, पण रिओमध्ये सरकार जिवंत होतं, म्हणजे सातबारा कोरा नव्हता. शिवाय इंग्रजांना फ्रेंचांशी लढायला पोर्तुगालची जमीन हवी होती. तिथे लढत होता आर्थर वेलस्ली, गव्हर्नर जनरलचा सख्खा धाकटा भाऊ. हाच 1803 मध्ये आपल्या शेजारी जालन्यातल्या असईला मराठ्यांशी लढला होता. थोरल्याने दोस्ताच्या वसाहती घ्यायचा बेत केला, धाकटा त्याच दोस्ताचं राज्य सोडवायला लढला. घर एकच!

1813 मध्ये फौज गोव्यातून गेली आणि गोवा लिस्बनकडेच राहिला, थेट 1961 पर्यंत. या सगळ्या व्यवहारात गोवेकरांना कुणी विचारलं नाही. हैदराबादच्या तहात आपल्यालाही नाही.

काबोवर आज राजभवन आहे. पुढच्या वेळी गेलात तर पॉइंटवरून तसेच परत फिरू नका, कबरस्तान त्याच रस्त्याला आहे.