आजीचे कलदार

गेल्या वीकेंडला नातेपुत्याला गेलो होतो. आजीनं ट्रंकेतून फडक्यात बांधलेले चार कलदार रुपये काढले. "नेटवर विक, डोळ्याच्या ऑपरेशनला होतील." तीन व्हिक्टोरियाचे, एक जॉर्ज सहाव्याचा, साल १९४१.

फोटो टाकले आणि तासाभरात फोन! लाखाला घेतो म्हणे, आधी नोंदणी फी भरा. जुन्या नाण्यांच्या व्यवहारात आमच्या नावानं पैसे मागणाऱ्यांपासून सावध राहा, असं रिझर्व्ह बँकेनं २०२१ मध्येच बजावलंय. फोन ठेवला आणि वाचत बसलो.

१८३५ पासून कंपनीचा रुपया १८० ग्रेनचा, म्हणजे बरोबर एक तोळा, ११.६६ ग्रॅम. चांदी सुमारे ९२ टक्के. महायुद्धात, १९४० मध्ये, ती ५० टक्क्यांवर आली, पण वजन तेवढंच ठेवलं! १९४७ चा रुपया तर चक्क निकेलचा.

आणि किंमत नुसत्या जुनेपणाला नसते, दुर्मिळतेला असते. १९३९ चा रुपया व्हिक्टोरियाच्या बहुतेक रुपयांपेक्षा महाग, म्हणून त्याचे नकलीही बरेच फिरतात. आपले चारही साधेच.

आजीला सांगितलं, चांदीच्या भावापेक्षा फार काही येणार नाही. आणि जॉर्जचा निम्माच चांदीचा.

"तुझे आजोबा दुकानात तोळ्याच्या मापाला हाच वापरायचे," ती म्हणाली. "तराजूला कुठं कळतंय! ठेव परत. ऑपरेशनचं तू बघ."